बजेटकाकांचं विद्यापीठ

टोकियोतल्या आमच्या निशी-कसाईत कुणालाही 'तुम्ही कुठले?' असं विचारलं की देशाचं नाव ऐकायला मिळतं. आमच्या इमारतीतले बजेटकाका मात्र आपल्या विद्यापीठाचं नाव सांगायचे. देशाचं नाही, राज्याचंही नाही. विचारणारा जपानी माणूस बिचारा ते एखाद्या गावाचं नाव समजून मान डोलवायचा, आणि काका त्याची समजूत दुरुस्त करायच्या भानगडीत पडायचे नाहीत. "गावच आहे ते," म्हणायचे. "माझी आई तिथल्या मेसमध्ये स्वयंपाक करायची. मी चालायला तिथे शिकलो, शाईने लिहायला तिथे शिकलो, नोकरी तिथे केली, रिटायर तिथूनच झालो. याला गाव नाही तर काय म्हणायचं?"

काका अमेरिकेच्या दक्षिणेकडचे. काळे, धिप्पाड, लिफ्टमध्ये मान वाकवून शिरणारे. बायको फुमिकोसान जपानी. तिच्या आईचं बघायला कुणी नव्हतं म्हणून निवृत्तीनंतर दोघं टोकियोत आले आणि आमच्या खालच्या मजल्यावर राहिले. त्यांचं विद्यापीठ सरकारी. गोऱ्यांच्या विद्यापीठाचं दार काळ्यांना बंद होतं त्या काळात, राज्याने त्यांच्यासाठी वेगळं काढून दिलेलं. पुढे दारं उघडली, पण हे विद्यापीठ राहिलं, आणि त्याच्या बजेट ऑफिसात काकांची हयात गेली. मला ते 'मिस संगीता' म्हणायचे. ऑफिसात मी जपानी रीतीने संगीतासान, माहेरी संगे, आणि त्यांच्याकडे मिस संगीता. त्यांच्या भागात बायकांना असाच मान देतात म्हणे. 'काका' म्हणजे काय ते मी समजावून सांगितलं तेव्हा खूश होऊन म्हणाले, "म्हणजे आता मला तुझ्यावर ओरडायचा अधिकार मिळाला."

आमचं जमलं ते एका गोष्टीवरून. त्यांच्या घरात कॉलेजचं तोंड पाहणारे ते पहिले, आणि आमच्या घरात मी. माझे वडील परभणीला जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. हे मी इथल्या, तोयोसुच्या ऑफिसातही सांगते. ऐकून काही लोक अवघडतात. ते त्यांचं त्यांनी बघावं. काका अवघडले नाहीत. त्यांनी सरळ विचारलं, "पदवी मिळाली तेव्हा घरात सगळ्यात जास्त कोण रडलं?"

"वडील," मी म्हटलं. "तुमच्याकडे?"

"मेसमधल्या सगळ्या बायका. त्या दिवशी रश्शात मीठ घालायची गरज पडली नाही."

बजेटकाका हे नाव पाडलं कुलकर्ण्यांनी. कुलकर्णी आमच्या गणपती मंडळाचे सेक्रेटरी. मुंबईहून बँकेच्या पोस्टिंगवर आलेले, बोलघेवडे, दिलदार. काका मंडळाच्या मीटिंगला यायचे ते मोदकांच्या आशेने. एका वर्षी जवळच्या उरायासुच्या एका दुकानदाराने हॉलचं भाडं देतो म्हणून कळवलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. मागच्या खुर्चीतून काकांचा आवाज आला, "कागदावर आहे का?"

"अहो काका, शब्द दिलाय त्याने!" कुलकर्णी म्हणाले.

"छान. मग तो शब्द नेऊन हॉलवाल्याला द्या. बघू किल्ली देतो का."

सगळे हसले. कुलकर्णीही हसले, पण त्यांनी ते मनात ठेवलं. त्या दुकानदाराने हॉलचं भाडं दिलं, वर प्रसादाचे पेढेही पाठवले. आरती झाल्यावर कुलकर्णी पेढा घेऊन थेट काकांपुढे उभे. "घ्या बजेटकाका, तोंड गोड करा. पाळला की नाही माणसाने शब्द?" काकांनी पेढा घेतला, हात जोडले आणि म्हणाले, "मला मनापासून आनंद झाला, कुलकर्णीसान. आयुष्यात पहिल्यांदा बघतोय." त्यांनी ते गमतीने म्हटलं, असं सगळ्यांना वाटलं. मलाही.

ती गंमत नव्हती, हे मला पुढे एका रविवारी कळलं. माझी मुलगी बागेत खेळत होती, काका आणि मी बाकावर, आणि ते विद्यापीठाचं सांगत होते. काकांच्या विद्यापीठाची शेती आणि मातीची प्रयोगशाळा होती. तिचे निम्मे पैसे केंद्र सरकार देणार. अट अशी की तेवढेच राज्याने आपल्या खिशातून घालायचे. त्याच राज्यातल्या गोऱ्यांच्या मोठ्या विद्यापीठाला राज्य आपला वाटा न मागता द्यायचं. काकांच्या विद्यापीठाला कधी अर्धा, कधी त्याहून कमी. आणि राज्याचा वाटा नाही आला तर केंद्राचेही पैसे परत जाणार. यावर तोड एकच होती. विद्यापीठाने स्वतःच केंद्राला अर्ज करायचा, की राज्याच्या वाट्याची अट आम्हाला यंदापुरती सोडा. म्हणजे देणेकऱ्याने बुडवायचं, आणि ज्याचे बुडाले त्यानेच सूट मागायची.

"तो अर्ज कोण लिहायचं?" मी विचारलं.

"मी," काका म्हणाले. "दर वर्षी. सहीही माझी. फार सुंदर इंग्रजीत लिहायचो. वाचणाऱ्याला वाटावं, राज्य आमच्यावर उपकारच करतंय."

"आणि राज्याकडे भांडायचं नाही?"

"भांडायला राजधानीत जायचं, तर जायचा खर्च कुठल्या खात्यात टाकायचा? मिस संगीता, शुक्रवारी पगार असायचा. प्रयोगशाळेतल्या माणसांना काय सांगू, की मी तत्त्वाला धरून बसलोय, तुम्ही तत्त्व शिजवून खा?"

मला आमचे प्राचार्य आठवले. आमच्या कॉलेजची स्कॉलरशिप सरकारकडून वेळेवर यायची नाही, तेव्हा प्राचार्य वाण्याकडे स्वतः उभे राहून हॉस्टेलसाठी तांदूळ उधार आणायचे, आणि वर आम्हालाच सांगायचे, 'बाहेर बोलू नका, कॉलेजची अब्रू जाते.' काकांच्या बोलण्यात 'आहे त्यात भागवलं' हे वाक्य सारखं यायचं आणि ते अभिमानाने यायचं. छत गळलं, भागवलं. बस बंद पडली, भागवलं. फी थकलेल्या मुलाला घरी न पाठवता वर्गात बसू दिलं, पुढच्या वर्षी वसूल करू म्हणून भागवलं. मला तो अभिमान कळतो. तो आमच्याही घरचा आहे. पण भागवणाऱ्याचं कुणी काही देणं लागत होतं, हेच हळूहळू लोक विसरतात, हे मला त्या बाकावर पहिल्यांदा नीट दिसलं.

आणि मग राज्याने विद्यापीठाचा हिशेब तपासायला माणसं पाठवली.

अहवाल आला. तिजोरीत खडखडाट आहे, फीची थकबाकी वसूल केलेली नाही, नोंदी ढिसाळ आहेत. यातलं खोटं काहीच नव्हतं, असं काका स्वतःच म्हणाले. "ढिसाळपणा होता. दोघांचं काम एक माणूस करत होता, तर होणारच. पण दुसऱ्या माणसाचा पगार कुणी अडवला, ते त्यांच्या अहवालात कुठल्या पानावर आहे?" आता राज्याच्या विधानसभेत ठराव येणार होता: विद्यापीठाचं नियामक मंडळ बरखास्त करायचं, राज्याचे देखरेख अधिकारी बसवायचे, आणि त्यांच्या सहीशिवाय खर्चाचा कागद हलू द्यायचा नाही. म्हणजे काकांच्या गावाचा कारभार गावाकडून काढून घ्यायचा. त्याआधी विधानसभेच्या समितीपुढे माजी कर्मचाऱ्यांना ऑनलाइन बोलता येणार होतं. प्रत्येकी दोन मिनिटं.

काका आठवडाभर बागेत तयारी करत होते. घड्याळ धरून मी बसायचे. दक्षिणेतल्या माणसाला दोन मिनिटांत नमस्कारसुद्धा संपवता येत नाही.

"काका, हवामान कशाला सांगताय त्यांना?"

"सुरुवातीलाच मुद्द्यावर येणं उद्धटपणा आहे."

"दोन मिनिटांत उद्धटच व्हावं लागेल."

हवामान काढलं, आईचा उल्लेख काढला. राहिलं ते एवढंच, की राज्याने जे दिलं नाही ते आधी मोजा, मग आमची तूट मोजा. ऐकताना मला वाटलं, हे ऐकून कुणाचंही मन बदलेल. अजूनही वाटतं.

तिथली संध्याकाळ म्हणजे आमची सकाळ. आमच्याकडे मोठा स्क्रीन आणि धड इंटरनेट, म्हणून काका आमच्याकडे आले. सूट, विद्यापीठाच्या रंगाचा टाय, इस्त्रीची घडी पाण्यात उभी राहील अशी. माझी मुलगी शाळेला निघता निघता जपानीत 'गाम्बात्ते' म्हणून गेली. हिंमत ठेवा, असं. फुमिकोसान आल्या नाहीत. "मला त्यांचा चेहरा बघवणार नाही," त्या म्हणाल्या. बऱ्याच वेळाने काकांचं नाव पुकारलं. त्यांनी नमस्कार करून तोंड उघडलं, तोच समितीतल्या एका गृहस्थाने अतिशय सभ्यपणे त्यांना थांबवलं.

"सर, आधी एक छोटा प्रश्न. राज्याच्या वाट्यात सूट मिळावी, असे हे अर्ज आहेत. सही आपलीच ना?"

"माझीच, सर."

"म्हणजे विद्यापीठानेच सूट मागितली होती."

"मागावी लागली. कारण असं की..."

"होय किंवा नाही, एवढंच सांगा सर. वेळ कमी आहे."

काका माझ्याकडे वळून बघतील असं मला वाटलं. नाही बघितलं.

"होय, सर."

"आपल्या सेवेबद्दल आभार." घंटा झाली, पुढचं नाव पुकारलं. तयारीतलं एक वाक्यसुद्धा बोलून झालं नव्हतं. मी परभणीच्या मराठीत त्या गृहस्थाचा उद्धार केला. आवाज आमच्याकडून बंद झालेला होता म्हणून बरं. काका तसेच ताठ बसून होते. मग म्हणाले, "त्याने प्रश्न बरोबर विचारला. मीही तोच विचारला असता." मी चहा टाकला. दुसरं काय करू शकत होते?

ठराव मंजूर झाला. मंडळ गेलं, देखरेख अधिकारी आले. आणि महिनाभरात काकांना सकाळी सकाळी फोन येऊ लागले. राज्याच्या कार्यालयातला एक तरणा अकाउंटंट. जुन्या नोंदी त्याला लागत नव्हत्या, आणि त्या समजणारं माणूस काकांशिवाय उरलं नव्हतं. काका रोज तासभर त्याला समजावून सांगायचे. फुकट.

मी भांडले. "काका, ज्यांनी तुमचं तोंड बंद केलं त्यांचीच हमाली करताय? पडू द्या ना अडकून!"

"अडकेल तो नाही, मिस संगीता," काका म्हणाले. "त्याचा पगार राज्य देतं. अडकतील ती मेसमधली माणसं."

 

फुमिकोसानच्या आई वारल्यावर दोघं दूर एहिमे प्रांतात, फुमिकोसानच्या भावाच्या संत्र्यांच्या बागेत राहायला गेले. निघताना कुलकर्णी स्टेशनवर मोदक घेऊन आले होते. ट्रेन येताच काका त्यांना म्हणाले, "मंडळाला सांभाळा. आणि भागवू नका. मागा." कुलकर्ण्यांनी मान डोलवली, त्यांना ते भाड्याबद्दल वाटलं असावं.

शेवटचं बोलणं झालं ते फोनवर. आवाज थकला होता. म्हणाले, त्या अकाउंटंटचा पुन्हा फोन होता. आता विद्यापीठ राज्याचेच अधिकारी चालवतात, तरी प्रयोगशाळेसाठी राज्याचा वाटा यंदाही आला नव्हता. केंद्राकडे सूट मागायची होती, आणि त्याला अर्जाचा जुना मसुदा हवा होता.

"दिलात?" मी विचारलं.

"दिला. शुक्रवारी पगार असतो." मग म्हणाले, "एक वाक्य या वेळी जास्त घातलं होतं. त्याने ते काढलं. काढतोय म्हणून कळवलंही. चांगला मुलगा आहे."

त्या हिवाळ्यात काका गेले. मी एहिमेला जाऊन आले, फुमिकोसानजवळ बसले, परत आले. त्या विद्यापीठासाठी मला काही करता येण्यासारखं नव्हतं. मी त्या देशाची नाही, त्या राज्याची नाही. ते वाक्य तेवढं मी फोनवर त्यांच्याकडून पुन्हा वदवून घेतलं होतं. कुठल्याही फायलीत ते नाही, म्हणून इथे लिहिते: 'आम्ही सूट मागत आहोत, हक्क सोडत नाही, राज्य आमचं देणं लागतं.'