परड्यातली अर्धी मुलाखत

एमबीएच्या प्रोजेक्टला सुरुवातीला आभाराचं एक पान असतं. मायना ठरलेला: प्राचार्य, गाईड, कंपनीचे एचआर मॅनेजर, ग्रंथपाल. घरच्यांना तळाला एक ओळ मिळते. मी त्यात सासूबाईंवर अख्खा परिच्छेद लिहिला होता. गाईड सरांनी लाल पेनानं गोल करून तो काढायला लावला. "एवढं वैयक्तिक नको," म्हणाले. तो इथे ऐसपैस लिहिते.

माझं माहेर निपाणीजवळच्या खेड्यातलं, सासर बेळगावात, अनगोळला. लग्नानंतर मी एमबीएला प्रवेश घेतला, विषय एचआर. नवऱ्याची ना नव्हती. "शीक की," म्हणाला, "नोकरीचं मग बघूया." आमच्या घरातलं 'मग बघूया' मला एव्हाना ओळखीचं झालं होतं. बिघडलेला पंखा त्याच्याच जोरावर कित्येक दिवस माळ्यावर पडून होता. मला नोकरी हवी होती, अगदी जिवापासून हवी होती. सगळ्या जगाशी भांडणारी मी, घरात मात्र हे एक वाक्य बोलू शकत नव्हते.

प्रोजेक्ट मिळाला पिरनवाडीच्या पुढच्या एका कपड्यांच्या कारखान्यात. तिथं बायका शिलाईवर लागायच्या, त्यांचा हात बसायचा, आणि वर्षाच्या आत काम सोडून जायच्या. का सोडतात ते मी शोधायचं. मी झकास प्रश्नावली केली: पगार, अंतर, सुपरवायझरची वागणूक, बसायची सोय. काम सोडलेल्या बायकांचे पत्ते घेतले आणि स्कूटीवरून निघाले.

पहिल्या घरात पोरगी समोर बसली आणि तिच्या शेजारी तिची सासू. पगार? "बरा हुता." सुपरवायझर? "बरा हुता." मग काम का सोडलं? पोरीनं सासूकडं बघितलं. "असंच." दुसऱ्या घरीही असंच. तिसऱ्या घरी तर सगळी उत्तरं सासूनंच दिली आणि सून चहा करायला आत गेली ती गेलीच. घरी येऊन मी बॅग आपटली. दिवसभर उन्हातून वणवण करून हातात काय, तर 'असंच'! ह्यावर प्रोजेक्ट कसा लिहायचा?

आत्या भाजी निवडत बसल्या होत्या. आत्या म्हणजे सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात, आणि बायकाही स्वतःला 'येतो, जातो'च म्हणतात. माझी सगळी चिडचिड त्यांनी ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "उद्या मी येतो संगट."

मला मनातून रागच आला. पाळत ठेवायला येणार, दुसरं काय! सून एकटी परक्या गल्ल्यांतून हिंडते हे त्यांना पहिल्यापासून खटकायचं. पण नको म्हणायची माझी छाती नव्हती. दुसऱ्या दिवशी त्या नऊवारी सावरत स्कूटीवर मागं बसल्या आणि खासबागेपर्यंत "सावकाश, सावकाश" म्हणत माझा खांदा दाबत राहिल्या.

खासबागेतलं घर विणकराचं होतं. वीज गेल्यामुळं बाहेरच्या सोप्यातला माग बंद होता. सासू सुताच्या कांड्या चाळत बसलेली, सून तिच्या बाजूला. मी प्रश्नावली काढली, तशी आत्यांनी कमरेची चंची काढली. "पान खाता काय हो आक्का?" दोघींनी पान लावलं, वर तंबाखूची चिमूट सोडली. आता मागाशेजारी, सुतावर, थुंकणार कुठं? दोघी उठून मागच्या परड्यात गेल्या.

सून थोडा वेळ मागच्या दाराकडं बघत राहिली. मग अशी बोलायला लागली, की ते लिहून घेताना माझ्या नाकी नऊ आले. कॉलर लावण्यात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. दुपारी सगळ्याजणी एकमेकींच्या डब्यातलं खायच्या, ते तिला अजून आठवायचं. मग सोडलं का? "जाऊ नको असं कोण म्हटलं न्हाय हो. पर सांजच्याला घरात पाय टाकला की आत भांडी आदळायची. रोज. किती दिस ऐकायचं?"

माझ्या प्रश्नावलीत भांड्यांना रकाना नव्हता.

परतताना आत्यांनी रसवंतीवर गाडी थांबवायला लावली. रसाचा ग्लास हातात घेऊन म्हणाल्या, "म्हातारी रडली बघ." सून कामाला लागल्याचं तिला शेजारणीकडून कळलं होतं. नवरा-बायकोनं आपसातच ठरवलेलं. नळाला पाणी कधी येईल त्याचा नेम नाही, ते भरायचं, नातवाला शाळेतून आणायचं, वर कांड्या भरायच्या, सगळं तिच्यावर आलं. "कामाला ती भ्याली न्हाय गं," आत्या म्हणाल्या. "पर एका शब्दानं इचारलं न्हाय म्हणती. मग काय करंल? भांड्यावर राग काढायची."

अर्धी मुलाखत परड्यात झाली होती, आणि ती घेऊन आली होती माझी सासू. आदल्या दिवशीचा राग मी रसाबरोबर गिळून टाकला.

मग आम्ही जोडीनंच हिंडलो. मी सोप्यात, आत्या परड्यात. येताना दोन्हीकडचं जुळवून बघायचो. सगळीकडं एकच रडगाणं होतं असं नाही. एकीचा सुपरवायझर खरोखरच नालायक होता. एकीनं घरीच पार्लर काढलं होतं आणि ती मजेत होती. पण बाकी बऱ्याच ठिकाणी घरोघरी मातीच्या चुली. आत्यांना तर चटकच लागली. कुणाकडनं लोणचं आणायच्या, कुणाकडनं शेवग्याच्या शेंगा, आणि गाडीवर मागून मला सांगायच्या, "त्या पोरीला परत भेट. ती खोटं बोललीया." मुलाखत कशी घ्यावी ह्यावर मी पुस्तकं वाचली होती, पण समोरच्याच्या जवळ नुसतं बसायचं कसं, हे मला त्यांनी शिकवलं. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

सासवांचं म्हणणंही मी प्रोजेक्टमध्ये घातलं, तर गाईड सर म्हणाले, "सासवा कंपनीच्या कर्मचारी नाहीत." मी वाद घातला, आणि तो घालण्यात मी कसर ठेवत नाही. शेवटी वैतागून त्यांनी एक शिफारस राहू दिली: बाईला कामावर घेताना तिच्या घरातल्या वडीलधाऱ्या बाईला एकदा कारखान्यात बोलवा, मशीन दाखवा, चहा पाजा, तिचं ऐकून घ्या. ती वाचून कारखान्याचे मॅनेजर हसले होते. निकाल लागल्यावर मात्र त्यांचाच फोन आला. एचआरमध्ये जागा आहे, येता का?

फोन ठेवला. नवऱ्याला सांगायला नंबर लावला आणि रिंग वाजायच्या आत कापला. मागं गेले. आत्या दोरीवरचे कपडे काढत होत्या.

"आत्या, कारखान्यातनं बोलावलंय. नोकरीला. जाऊ काय?"

"त्यो काय म्हटला?"

"त्यांना अजून सांगितलं न्हाय. आधी तुम्हाला विचारतोय."

त्यांनी हातातले कपडे खांद्यावर टाकले. "माझं लगीन ठरलं तवा इचारलं न्हाय कुणी," म्हणाल्या. "गाव सोडून हिकडं आलतो तवा न्हाय. तुला बघाय गेलतो, तवाबी पसंत हाय काय म्हणून मला कुणी इचारलं न्हाय." मग माझ्याकडं बघून हसल्या. "हुतीस की पसंत."

मला रडू आवरेना.

जेवताना नवऱ्याला सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला. "आणि घरचं? आईला झेपणार हाय काय सगळं?"

मी तोंड उघडायच्या आत आत्यांनी त्याच्या ताटात भाकरी टाकली.

"तिनं मला इचारलंय," म्हणाल्या. "मी व्हय म्हटलंय. माझी लईच काळजी असंल तर उद्यापासनं जरा लवकर ऊठ."