एका खेळात न मावलेली

मैदानावर पोहोचलो की आम्ही बाकीच्या मुली आधी पाणी शोधायचो. ती भिंतीवर चिकटवलेला स्पर्धांचा कागद शोधायची. त्यावर बोट फिरवत खालपर्यंत जायची आणि मला म्हणायची, "यात माझं पण नाव टाक ना."

"यात" म्हणजे कशात, हे विचारायची सोय नव्हती. भाला, गोळा, लांब उडी, आठशे मीटर, जे असेल ते. बऱ्हाणपूरच्या आमच्या कॉलेजच्या कबड्डी संघाची मी कप्तान, म्हणून नावं लिहायचं काम माझ्याकडे. चढाईत तिच्या जवळपास कोणी नव्हतं. अशी खेळाडू मिळाली तर तुम्ही देवाचे आभार मानाल. मी तीन वर्षं डोकं धरून बसले.

निंबोल्याहून ती सकाळच्या बसने यायची. घरी केळीची बाग, दोन म्हशी. पहिल्याच वर्षी जिल्हा स्पर्धेत तिने कबड्डीच्याच कपड्यांत, अनवाणी भाला फेकला आणि पहिली आली. भाला हातात धरून तिला आठवडासुद्धा झाला नव्हता. लोक टाळ्या वाजवत होते, मी घड्याळ बघत होते. आमचा अंतिम सामना सुरू व्हायचा होता आणि ही मधल्या वेळात आठशे मीटरच्या रांगेत जाऊन उभी राहिली. परत आली तेव्हा छाती भात्यासारखी चाललेली. "टेन्शन नको घेऊ, अभी टाइम है," म्हणाली. शेवटच्या चढाईत मध्यरेषा हातभर उरली असताना तिचा दम तुटला. एका गुणाने हरलो.

बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले. ती शेजारी येऊन बसली आणि शेंगा सोलून माझ्या हातात ठेवत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "तू शाळेपासून एकच खेळ खेळतेस. तुला बोअर नाही होत का गं?" मी शेंगा खाल्ल्या.

आमच्या सरांनी तिला किती समजावलं. एक खेळ धर, राज्यापर्यंत सहज जाशील. ती मान डोलवायची. मग कुठेतरी वेटलिफ्टिंगचा वर्ग सुरू झाल्याचं कळायचं आणि बाई तिकडे. त्यात ती विभागात तिसरी आली. त्यानंतर भावाची दुधाची सायकल घेऊन शर्यतीत उतरली, तिथे दुसरी. प्रत्येक खेळातली माणसं तिच्याबद्दल हळहळायची, हिने मनावर घेतलं असतं तर.

दुसऱ्या वर्षी तिने मनावर घेतलं. सरांना शब्द दिला आणि चार महिने फक्त भाला फेकला. इंदूरला राज्याची निवड होती. आदल्या दिवशी गावातल्या मुलांबरोबर क्रिकेट खेळताना चेंडू अडवायला झेपावली आणि गुडघा गेला.

मी तिला झापायलाच निंबोल्याला गेले. पाय उशीवर ठेवून ती ओसरीत बसली होती. मी काही बोलायच्या आत तिच्या आईनेच सुरुवात केली, घरात बी असंच करते, पोळी लाटता लाटता म्हशीकडे जाते. आई चहा ठेवायला आत गेल्यावर मी मनातलं सगळं बोलून घेतलं. तुला काही जिंकायचंच नाही, असंही म्हणाले.

ती ऐकत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "माझी ताई दहावीपर्यंत पळायची. मस्त पळायची. आता सासरी तिला बससुद्धा पळून पकडू देत नाहीत. माझ्यासाठी पण बघायला लागलेत. मग मी एकच खेळ कशाला खेळू? जितके होतील तितके खेळून घेते."

चहा आला. मी तो गार होईपर्यंत हातात धरून बसले.

पुढे पोलीस भरतीचा फॉर्म मी आणला, मीच भरला. दोघींचा. लेखी परीक्षेसाठी तिला एका जागी बसवताना माझा जीव मेटाकुटीला आला. मैदानी चाचणीत तीन गोष्टी होत्या, धावणं, लांब उडी आणि गोळाफेक. तिने तिन्ही हसत केल्या, गुडघ्याला पट्टा बांधून. मला गोळा जमला नाही. दोन महिने तिने त्यांच्या बागेमागच्या मोकळ्या जागेत मला शिकवलं होतं, तरी हातभर कमीच पडला. निकाल लागल्यावर ती माझ्याकडे बघायचीच टाळत होती. शेवटी मलाच चिडून सांगावं लागलं, जा आता, तिथे तरी एका जागी टिक.

घरच्यांनी लग्नाचा विषय काही दिवसांपुरता मागे ठेवला. तिची नेमणूक लांब, चंबळकडे झाली. फोन क्वचित येतो. मागे आला तेव्हा ती ज्यूदो शिकत होती.

मी इथेच, बुधवाऱ्याच्या बाजारात, आमच्या कापडाच्या दुकानात बसते. गल्ल्यामागे कबड्डी संघाचा फोटो लावला आहे. शेवटच्या वर्षी आम्ही जिल्ह्यात पहिल्या आलो, निम्म्याहून जास्त गुण तिचे. फोटोच्या वेळी ही लांब उडीला पळालेली. फोटोवाला सारखा सांगत होता, ताई, सटून उभ्या राहा, मध्ये जागा सोडू नका.

मी सरकले नाही. फोटोत माझ्या डाव्या हाताला एका माणसाची जागा मोकळी आहे, आणि मी कॅमेऱ्याकडे न बघता रागाने मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडे बघते आहे.