उघड्या डोळ्यांचा बुद्ध

दुबलगुंडी गावात आमच्या घरी प्लास्टरच्या बुद्धमूर्ती होतात. माय साच्यात प्लास्टर ओतते, मी रंग देते. वैशाखी पौर्णिमेआधी आमचं अंगण मूर्तींनी भरायचं आणि पौर्णिमेपर्यंत रिकामं व्हायचं. गेल्या साली निम्म्या मूर्ती तशाच राहिल्या. दुकानादुकानांत चीनचे बुद्ध आले होते. वजनाला हलके, पडले तरी न फुटणारे, पाठीमागे दिव्यांची लुकलुकती प्रभावळ, आणि आमच्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

मायने साचे धुतले आणि माळ्यावर टाकले. "म्या आता रोजानं शेतात जाते," म्हणाली.

मला संताप आला. माझं तेवढंच काम होतं आणि ते मी सोडणार नव्हते. मूर्ती विकायच्याच, मग कुणाच्याही का असेनात, असं ठरवून हैदराबादच्या घाऊक बाजारातून चीनच्या मूर्तींचं खोकं आणलं. दुकानदार म्हणाला, "येइच माल नेपालकू बी जाता, लंकाकू बी जाता." बुद्ध जन्मला त्या नेपाळातही चीनचाच बुद्ध! तिथल्या मायलेकींनीही साचे माळ्यावर टाकले असतील, या विचाराने बसमध्ये डोळ्यांत पाणी आलं.

मूर्ती खपू लागल्या. पण आठवडाभरात निर्णा गावची एक आक्का मूर्ती घेऊन परत आली. "ह्येचे डोळे मिटलेत की. आपला बुद्ध कवा डोळे मिटून बसतो व्हय?"

खरंच होतं. आमच्या लोकांना जागा, समोर बघणारा बुद्ध लागतो. मायच्या साच्यातला तसाच आहे.

मी हट्टाने ब्रश घेतला आणि त्या मिटलेल्या पापण्यांवरच डोळे रंगवले. बुद्ध एकदम घाबरलेला दिसू लागला. माय हसून हसून खाली बसली. "कामून छळायलीस त्येला? झोपू दे की!"

मग मी त्या मूर्तीची प्रभावळ काढली आणि अंगणात उरलेल्या आमच्या एका मूर्तीमागे चिकटवली.

"चीनचा दिवा लावायलीस?" माय म्हणाली.

"लावायले. दिवा त्येंचा, डोळे आपले."

बटण दाबलं. आक्काने मूर्ती उचलून डोळे निरखले आणि म्हणाली, "हीच दे. आन् माझ्या नणंदेला बी अशीच एक पाहिजे."

मायने भिंतीला शिडी लावली आणि पदर खोचून माळ्यावर चढली.