न विचारता दिलेला मथळा

माझी सून कानडी घरातली. धारवाडात जन्म गेल्यामुळे मला कन्नड अस्खलित येतं, तरी माझ्याशी माझ्या भाषेत बोलायचं म्हणून ती मराठी शिकली. तेही माझ्यासोबत भाजी निवडता निवडता. मला त्याचं फार अप्रूप. त्यावरच मी एका मराठी वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीला लेख पाठवला. छापून आला तेव्हा वर ठसठशीत मथळा होता: ‘सुनेने पळवली घरातली मराठी’.

सुनेने मथळा वाचला, पेपरची घडी घालून टीपॉयवर ठेवला. लेख वाचलाच नाही. त्या दिवसापासून ती माझ्याशी फक्त कन्नडात बोलू लागली. बोलणं अदबीचं, चहा वेळेवर. माझा जीव मात्र तळमळायचा.

मी संपादकांना फोन केला.

“मॅडम, मथळा आम्हीच देतो. लेखकांना विचारत बसलो तर पुरवणी निघायची कधी?” वर हसले. “लोकांनी वाचला ना?”

ते हसणं मी विसरले नाही. विसरायचंही नव्हतं.

पुढे आमच्या मराठी मंडळाने त्यांनाच व्याख्यानाला बोलावलं. नाव अर्थात मीच सुचवलं होतं. मंडळाच्या दारातल्या फळ्यावर वक्ता आणि विषय लिहायचं काम, मी शाळेतून निवृत्त झाल्यापासून, माझ्याकडे आहे. त्यांनी कळवलेला विषय होता ‘सीमेपलीकडची मराठी’. मी लिहिलं, ‘लेखकाला न विचारता मथळा द्यायची माझी खोड’. रंगीत खडूने, खाली दोन रेघा ओढून.

रिक्षातून उतरून त्यांनी फळा वाचला आणि लालबुंद झाले. “हे कोणी लिहिलं? मला विचारायचं तरी!”

“विचारत बसले असते तर कार्यक्रम सुरू व्हायचा कधी?” मी म्हटलं. “लोक आलेत ना?”

हॉल खरंच भरला होता आणि सगळ्यांना फळ्यावरच्याच विषयावर ऐकायचं होतं. बिचारे तासभर घाम पुसत बोलले. मी पहिल्या रांगेत बसून एकेक शब्द चवीने ऐकला.

“अक्का, हे काय बरं केलं नाही तुम्ही,” अध्यक्ष माझ्या कानाशी लागले. मला तर झकास वाटत होतं.

फळ्याचा फोटो कुणीतरी मंडळाच्या ग्रुपवर टाकला होता. घरी आले तर सून माझ्या मुलाच्या मोबाइलवर तोच बघत होती. तिने तो बोटांनी मोठा केला, पुन्हा वाचला.

“अत्ती,” तिने कन्नडात सासूला मारतात तशी हाक मारली, आणि पुढचं कितीतरी महिन्यांनी मराठीत, “अजून मोठं अक्षर काढायचं होतं की.”