पुरातली बाभळ
लाइफ जॅकेट उन्हात तापून रबराचा वास सुटला, की पलूसजवळचा तो पूर आठवतो. आम्ही गावचे स्वयंसेवक एका बाळंतिणीला बोटीनं पुरातून बाहेर काढत होतो. बुडालेल्या उसावरून जाताना पंख्यात पाला गुंतला, इंजिन बंद पडलं आणि बोट पुलाकडे ओढली जाऊ लागली. मी घाबरून उभाच राहिलो. "खाली बस रं! कुणी हलू नगा," सोबतचा म्हातारा नावाडी ओरडला आणि त्यानं पाण्यावर आलेली बाभळीची फांदी दोन्ही हातांनी धरली. काटे तळव्यांत घुसले, पण मी विळ्यानं पाला कापेपर्यंत त्यानं ती सोडली नाही. बाळ-बाळंतीण सुखरूप पोहोचली. पुढं सत्कार माझा झाला. नावाडी मागच्या रांगेत पट्ट्या बांधलेल्या हातांनी टाळ्या वाजवत होता. मी माइकवर त्याचं नाव घेतलं नाही. आता घ्यावंसं वाटतं, तर ऐकायला तो उरला नाही.