उरलेल्या चौघी

ती आमच्या क्लबात आली त्या वर्षी मी तेवीस वर्षांची होते आणि टीमची कॅप्टन होते. माझं काम बॉल पुढे घेऊन यायचा आणि तो कुणाला द्यायचा ते ठरवायचं. आजोबा महूला पलटणीत होते, चांगले सहा फुटी. ती उंची वडिलांपर्यंत आली आणि तिथेच थांबली. पाच फूट दोन इंचांच्या मुलीला बास्केटबॉलमध्ये तेवढं एकच काम मिळतं. मला ते आवडायचं.

आम्ही नऊ जणी होतो. कुणी कॉलेजात, कुणी नोकरीत. संध्याकाळी पाचला सिमेंटच्या कोर्टावर जमायचो. दर वर्षी राज्य स्पर्धेला जायचो आणि फार तर सेमीफायनलपर्यंत पोचून हरायचो. वाईट वाटायचं, पण इंदूरला परत येताना बसमध्ये शेव-परमलचं, म्हणजे शेव-कुरमुऱ्यांचं, पाकीट या सीटवरून त्या सीटवर फिरत राहायचं आणि देवास येईपर्यंत हरल्याचं कुणाच्या लक्षातही राहायचं नाही.

टीममध्ये माझी एक मैत्रीण होती, सहावीपासूनची. छत्रीबागेत राहायची, एका शाळेत गणित शिकवायची आणि कोर्टावर रिंगखाली खेळायची. बास्केट ती फारशी करायची नाही. समोरच्या मुलीला पाठीने अडवून धरायचं, म्हणजे रिंगवरून उडालेला बॉल आमच्यापैकी कुणाच्या तरी हाती पडेल, हे तिचं काम. स्कोअरशीटवर या कामाला रकाना नसतो. शिवाय ती सारखी बोलायची. टीममध्ये मराठी फक्त आम्ही दोघी. समोरच्यांना कळू नये म्हणून आम्ही कोर्टावर मराठीत बोलायचो. गंमत म्हणजे घरी आम्ही दोघीही ‘लेफ्ट’, ‘राइट’ नाही तर ‘सीधे हाथ को’ असंच म्हणायचो. ‘डावीकडे’ आणि ‘उजवीकडे’ हे शब्द खास खेळासाठी तिच्या आईकडून पक्के करून घेतले होते. माझी पाठ असली तरी मागून तिचा आवाज यायचा, “उजवीकडे मोकळी आहे, सोड,” आणि मी न बघता बॉल सोडायची.

मग ती आली. एकोणीस वर्षांची, गौतमपुऱ्याजवळच्या एका खेड्यातली. वडिलांची लसणाची शेती. शाळेत गोळाफेक करायची, तिथून कुणी तरी तिला खेळाडूंच्या हॉस्टेलवर नेऊन बास्केटबॉल शिकवला आणि आता ती बीए करायला इंदूरला आली होती. सहा फुटांहून दोन बोटं जास्तच. पहिल्या दिवशी ती वाकून आमच्या कोच सरांच्या पाया पडली, मग तिने आम्हा सगळ्यांना नमस्ते केलं आणि खेळायला उभी राहिली. मी तिला पहिला पास दिला तो जरा उंच गेला. दुसऱ्या कुणासाठी तो बाहेरच गेला असता. तिने एक हात वर केला, बॉल तिथे आपण होऊन येऊन बसल्यासारखा बसला आणि वळून तिने तो रिंगमध्ये टाकला. सर म्हणाले, “फिर से.”

त्या मोसमात आम्ही जिंकत सुटलो. तिला अडवायला समोरच्या टीमच्या दोन-दोन, कधी तीन मुली धावायच्या. साहजिकच आमच्यातल्या कुणी तरी मोकळी राहायची. आमच्यातली एक जण, जिचे शॉट पूर्वी कधी बसायचे नाहीत, ती आता आरामात उभी राहून, पाय जुळवून टाकायची आणि तिचे शॉट बसायला लागले. लोक म्हणाले, हिने फार मेहनत घेतलेली दिसते. माझंही तसंच. मी बॉल फक्त वर टाकायचा, बाकी सगळं ती करणार, आणि पासचं श्रेय माझ्या नावावर. त्या वर्षी मला राज्याच्या संभाव्य खेळाडूंच्या कॅम्पचं बोलावणं आलं. वडिलांनी ते पत्र ऑफिसात नेऊन सगळ्यांना दाखवलं. मला आतून माहीत होतं की ते पत्र अर्धं तिचं आहे.

पण एक अडचण होती. ती रिंगखाली खेळायची आणि माझी मैत्रीणही रिंगखालीच खेळायची. दोघी एकाच जागेत असल्या की समोरच्या मुलींना अडवणं सोपं जायचं. सरांना तिथे ती एकटी हवी होती आणि बाकी चौघी लांब पसरलेल्या. एका संध्याकाळी प्रॅक्टिस संपल्यावर सरांनी मला थांबवलं. म्हणाले, पाचांतून एकीला बसवावं लागेल, कॅप्टन म्हणून तुला काय वाटतं? विचार करावा लागला नाही, उत्तर मला माहीत होतं. मी मैत्रिणीचं नाव घेतलं.

खेळाच्या हिशेबाने ते बरोबर होतं. आजही कुणी विचारलं तर मी तेच नाव सांगेन. चूक झाली ती दोन दिवसांनी. कोर्टाबाहेर स्कूटीला किक मारता मारता मैत्रिणीने मला विचारलं, “तुला विचारलं होतं का सरांनी?”

मी म्हटलं, “नाही.”

ती “बरं” म्हणाली आणि गेली. पुढे दीड महिना ती बेंचवर बसली. टॉवेल द्यायची, पाण्याच्या बाटल्या भरून आणायची. सुरुवातीला बेंचवरून आवाज द्यायची, मग तेही थांबलं. नंतर तिच्या शाळेच्या परीक्षा आल्या. परीक्षा संपल्या तरी ती आली नाही. मी एकदा फोन केला. म्हणाली, “अगं टाइमच नाही मिळत.” मला ते मानणं सोयीचं होतं, मी मानलं.

कोर्टावर आता शांतता असायची. बोलण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. बॉल कुणाकडे जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. नव्या मुलीला बॉल दिला की उरलेल्या आम्ही चौघी आपापल्या जागी उभ्या राहून बघायचो, तिकीट काढून आल्यासारख्या. जिंकल्यावर टाळ्या वाजायच्या, फोटो निघायचे, सगळ्या तिच्या भोवती उभ्या राहायच्या. बसमध्ये मात्र ती पुढच्या सीटवर, पाय मावावेत म्हणून तिरकी, एकटीच बसायची. मागे आमच्यात हळूहळू कुजबुज सुरू झाली होती. कुणी म्हणायचं हिला पोझिशनच कळत नाही, कुणी म्हणायचं सर हिला काही बोलत नाहीत. मी त्यात बोलायची नाही. पण थांबवायचीही नाही.

हिवाळ्यात तिने सगळ्यांना घरी जेवायला बोलावलं. रविवारी सकाळी बस स्टँडवर भेटायचं ठरलं. मी पोचले तर तिथे ती एकटी उभी होती. एकीचा निरोप आला की बरं नाही, दुसरीकडे पाहुणे आले होते, बाकीच्यांनी फोन उचलले नाहीत. दोन बस सोडल्या आणि तिसरीत आम्ही दोघीच बसलो. हातोद गेलं, देपालपूर गेलं, ती खिडकीतून बाहेर बघत होती. मी आपली काही तरी बोलत होते, पुढच्या मॅचचं, नव्या बुटांचं. मधेच ती म्हणाली, “दीदी, बॉल तो सब देते हैं मुझे। बात कोई नहीं करता।”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. बाहेर गहू किती वाढलाय ते सांगावं तसं तिने सांगितलं. मी म्हटलं, सगळ्या थकलेल्या असतात गं, तसं काही नाही. तिने मान हलवली.

घरी तिच्या आईने नऊ जणींचं जेवण केलं होतं. बाफल्यांची, म्हणजे कणीक उकडून गोवऱ्यांवर भाजलेल्या गोळ्यांची परात, त्यावर ओतलेलं तूप, डाळीचं मोठं पातेलं, चुरम्याचे लाडू. अंगणात सतरंज्या अंथरलेल्या. आईने माझ्या मागे रस्त्याकडे पाहिलं आणि विचारलं, बाकीच्या मुली मागच्या गाडीने येतायत का? मी उत्तर देण्याआधी तीच म्हणाली, त्यांची परीक्षा आहे. इतक्या सहज म्हणाली की मला कळलं, हे तिने बसमध्येच ठरवून ठेवलं होतं. मग आम्ही दोघी त्या सतरंजीच्या एका टोकाला बसून जेवलो. आई मला वाढतच राहिली. मी पोट फुटेस्तोवर खाल्लं, कारण परातीतले बाफले काही केल्या कमी होत नव्हते. निघताना आईने तिच्या पिशवीत लसणाच्या आठ जुड्या बांधून दिल्या, एकेकीला एकेक. सोमवारी तिने त्या कोर्टावर वाटल्या. सगळ्यांनी थँक्यू म्हटलं आणि आपापल्या बॅगेत टाकल्या.

त्यानंतर मी बसमध्ये तिच्या शेजारी बसायला हवं होतं. एकदा बसलेही. पण मागून हसण्याचा आवाज आला आणि पुढच्या वेळी मी पुन्हा मागेच गेले. कॅप्टन होते तरी मला मागच्यांची भीती वाटत होती. एवढी साधी गोष्ट आहे.

राज्य स्पर्धा आम्ही जिंकलो. फायनलला अर्ध्याहून जास्त पॉइंट तिचे एकटीचे होते. शिट्टी वाजल्यावर सगळ्या कोर्टावर धावल्या. मी सवयीने बेंचकडे वळले, कुणाला तरी मिठी मारायला. बेंच रिकामा होता.

उन्हाळ्यात तिला खेळाच्या कोट्यातून दुसऱ्या राज्यात नोकरी लागली. जायच्या आदल्या दिवशी कोर्टावर येऊन ती सरांच्या पाया पडली. आम्ही तिला एक घड्याळ दिलं. ते तिच्या मनगटाला घट्ट झालं, तरी तिने ते तसंच बांधून ठेवलं. मला म्हणाली, “आपके पास याद आएँगे।” मी हसले. ती फक्त बॉलच्या पासचंच बोलत होती, याची मला खात्री आहे, आणि तेच मला लागलं.

नव्या मोसमाची पहिली मॅच ज्या टीमशी होती तिला आम्ही पूर्वी, म्हणजे ती उंच मुलगी यायच्याही आधी, दर वर्षी हरवायचो. दुसऱ्याच मिनिटाला मी बॉल पुढे नेला, रिंगखाली नजर टाकली आणि वर फेकला. तो आमच्या सगळ्यांच्या डोक्यावरून गेला आणि बाहेर प्रेक्षकांच्या खुर्च्यांवर आदळला. असं मी त्या मॅचमध्ये चार वेळा केलं. जिचे शॉट बसायला लागले होते तिच्या अंगावर आता कुणी तरी धावून यायचं आणि तिचे हात गडबडायचे. बाकीच्या जणी बॉल हातात आला की पहिल्यांदा इकडेतिकडे बघायच्या, तो द्यायचा कुणाला म्हणून. आम्ही मोठ्या फरकाने हरलो. ती येण्याआधी होतो तेवढ्याही आम्ही उरलो नव्हतो.

सर म्हणाले, तुझ्या मैत्रिणीला विचार, येते का. मी छत्रीबागेत गेले. वर्षभरात तिच्या घरी गेले नव्हते. ती खाटेवर वह्या तपासत बसली होती. तिच्या आईने चहा दिला, कॅम्पचं विचारलं, आणि आत गेली. मी हरल्याचं सांगितलं, सरांचा निरोप सांगितला. ती लाल पेन चालवत ऐकत होती. मग मी म्हटलं, “सरांनी मला विचारलं होतं. मीच तुझं नाव घेतलं.”

तिने हातातली वही पूर्ण तपासली, मार्क मांडले, वही गठ्ठ्यावर ठेवली.

“माहीत आहे मला. सरांनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं.”

मी म्हटलं, “मग मला का विचारलंस?”

“तू काय म्हणतेस ते बघायचं होतं. अगं, बसवलं त्याचं इतकं नाही वाटलं. ती आल्यावर मला बसावंच लागणार होतं, एवढं मलाही कळतं ना. पण तू ‘नाही’ म्हणालीस. नंतर कोर्टावर तुला आवाज द्यावासाच वाटेना.”

मी माफी मागितली. ती म्हणाली, ठीक आहे, झालं ते झालं. खोटं नाही बोलली, तिला खरंच राग राहिलेला नव्हता. पण ती आली नाही. दारापर्यंत सोडायला आली तेव्हा तिने माझ्या आईची तब्येत विचारली, जशी आपण ओळखीच्या कुणाचीही विचारतो.

क्लबची टीम त्यानंतर दोन वर्षं कशीबशी चालली. एकेकीची लग्नं झाली, बदल्या झाल्या. सरांनी शाळेच्या मुली घेतल्या. मी आता एका खाजगी कंपनीच्या ऑफिसात आहे. तिथे मला बास्केटबॉल खेळता येतो हे दोघा-तिघांनाच ठाऊक आहे, आणि त्यांना माझी उंची बघून ते खरं वाटत नाही. मैत्रीण लग्न होऊन उज्जैनला गेली. लग्नाला मी गेले होते, सगळ्यांबरोबर जेवून आले.

मागच्या महिन्यात दुपारी डबा खाताना मोबाइलवर गौतमपुऱ्याकडच्या त्या मुलीची मॅच दिसली. मोठी स्पर्धा होती. तिच्या टीममध्ये तिच्याएवढ्या उंच आणखी तिघी. अर्धा वेळ ती बेंचवरच होती. कोर्टावर आली तेव्हा समोर एकच मुलगी तिला अडवायला होती, आणि तिने बॉल घेऊन लगेच दुसरीला दिला, तिने तिसरीला. तिचे पॉइंट जेमतेम सहा झाले. मग तिला पुन्हा बसवलं. शेजारच्या मुलीने तिच्या डोक्यावर टॉवेल टाकला, काही तरी म्हणाली, आणि ती मागे रेलून, तोंड उघडं टाकून हसली. आमच्याकडे पूर्ण एक मोसम ती होती, पण तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. तिचा एक दात जरा वाकडा आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

मी तिला मेसेज केला, अच्छा खेली. संध्याकाळी उत्तर आलं: थँक्यू दीदी, घर पे सब कैसे हैं. मी लिहिलं, सगळे मजेत. आणखी काही लिहायला घेतलं होतं, तीन-चार ओळी झाल्याही होत्या, मग पुसून टाकल्या.