काकूंच्या बोटाची बेल

व्यंकटरावकाका कुठलंही यंत्र हातात आलं की आधी त्याचा वास घ्यायचे. पूर्णेत रेल्वेचे सिग्नल दुरुस्त करण्यात त्यांची उमर गेलेली. जळलंय काय, धड आहे काय, हे ते नाकानंच ठरवत. त्यांना जाऊनही आता वर्ष झालं. आम्ही शेजारी. मी शाळेत संगणक शिकवते, म्हणून वयानं निम्मी असूनही मला ते मॅडमच म्हणत.

काकूंना अर्धांगवायू झाला, वाचा गेली. बोट नुसतं टेकवलं तरी वाजेल अशी बेल काकांना त्यांच्यासाठी करायची होती. पण त्यांचेच हात थरथरू लागले होते. सोल्डर करायला गेले की शेजारची तार जळायची. मीच म्हटलं, "काका, सर्किट आधी संगणकावर चालवून बघू. जमलं की सोल्डर मी करते."

सॉफ्टवेअर निवडण्यातच चार दिवस गेले. एक त्यांच्या जुन्या लॅपटॉपला पेलेना, दुसऱ्याला सतत नेट लागे. तिसरं साधं, फुकटचं होतं, ते चाललं. "याला वासच न्हाई की, मॅडम. जळालं तं कळावं कसं?" काका कुरकुरले. पण आठवड्याभरात दोन्ही हातांनी माऊस धरून ट्रान्झिस्टर मांडू लागले. काकूंचं बोट पडद्यावर कसं दाखवायचं, हा पेचही त्यांनीच सोडवला. मीटरच्या दोन तारा बोटाला लावून रोध मोजला, तेवढाच रेझिस्टर चित्रात जोडला आणि खाली नाव लिहिलं, 'सुशीला'.

दोन दिवसांत पडद्यावर बेल वाजली. मी म्हटलं, आता करून टाकू. पण बोट सकाळी ओलसर, दुपारी कोरडं, तसा रोधही बदले. "घाई नका करू, मॅडम. तिनं बोट ठिवलं आन् वाजली न्हाई तं? लय मनाला लावून घील ती." पुन्हा मोजायचं, पुन्हा आकडा बदलायचा. काकूही कौतुकानं बोट पुढे करत. चूक पडद्यावरच पकडावी, हे मीच त्यांना शिकवलं होतं. पूर्वीचे काका असते तर संध्याकाळपर्यंत बेल लावून मोकळे झाले असते, आणि नाही वाजली तर पुन्हा उघडली असती. मी हट्टानं जोडून द्यायला हवी होती. ही बोच माझी, ती जात नाही.

एका दुपारी काका बाहेरच्या खोलीत लॅपटॉपपाशी असताना आत काकू वारल्या. त्यांनी हाक तरी कशी मारावी? कळताच मी धावत गेले तेव्हा काका त्यांचा हात धरून बसले होते.

"मॅडम, आज समद्या आकड्यांना वाजायलीय," ते म्हणाले. "तेच सांगाया आत आलतो."